वाटीतली पिठी

परळच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात चिंतामणींचा नंबर अकरावा होता. शेजारी सत्तरीचे गुणाजी हातातला रिपोर्ट नाचवत होते. त्यांची बायको कमल मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"बघ गो, कोलेस्टेरॉल नॉर्मल! आणि गणपतीपासून एक गोळी घेतलेली नाय."

"हळू बोला, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. आज डॉक्टरला तोंडावर सांगतो, तुमच्या गोळीशिवाय उतरलं. नायगाव ते दादर रोज चालतो, त्याचा गुण."

"चालता कुठे? कोपऱ्यावर गप्पा मारत बसता."

"ते सोड. चिठ्ठीतून गोळीच काढायला लावतो."

"तसलं काही सांगू नका आत."

"का?"

"गोळी चालू आहे तुमची."

"माझी? कधी घेतली मी?"

"रोज जेवताना. कुटून घालते तुमच्या वाटीत, कुळथाच्या पिठीत."

चिंतामणींनी वाचून झालेलं मासिक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं.

"म्हणून पिठी कडू लागायची?"

"हो."

"आणि मी म्हणत राहिलो, तुझ्या हाताची चव गेली. सुनेसमोर म्हटलं. तुझ्या भावासमोर म्हटलं."

"म्हटलंत."

"मग तेव्हाच का नाय बोललीस?"

"बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी पिठी खाल्ली असतीत?"