काजळाची मिशी

मुरबाडच्या एसटी स्टँडवर शहापूरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक आत्या नि तिची भाची मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"मनस्वी, ही लुगडंवाली कोण गो?"

"मीच ना, आत्या. फोटोपुरती भाताची आवणी लावणारी कोंडाबाई झाले. आपणच सजायचं, फोन भिंतीला टेकवायचा नि आपलाच फोटो काढायचा."

"तरीच! पदर उजव्या खांद्यावर? अशी बाय आपल्यात कुठं हाय?"

"डावीकडंच घेतलेला गो. फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो."

"फोन फसंल, मी नाय फसायची. आन् ही कंडक्टरीण?"

"ती पण मीच."

"वलखलं. नाक आमच्याच घरातलं. आन् ह्यो टोपीवाला, मिशीवाला?"

"आत्या, तो..."

"लाजू नको. तीन स्थळं नाकारलीस ती ह्याच्यापायीच ना? पोरगा चांगला दिसतोय. तुझ्या बापाशी मी बोलते."

"आत्या, मिशी काजळाची हाय."

"काजळाची?"

"तो पण मीच."

"मग बरंच झालं की गो! घरातल्या घरात जमलं, आन् सासू पण नाय!"