कोणाचा पाव आधी?

(मुलांनो, समजा तुम्ही एका अरुंद रस्त्यावर उभे आहात. समोरासमोर दोन बेकऱ्या. एकीत आजोबा पीठ मळताहेत, नात पोत्यावर बसून पाय हलवतेय. हळूच कान द्या.)

आजोबा : ...तर उद्यापासून भट्टी आणखी लवकर पेटवायची. समोरच्याच्या आधी आपला पाव बाहेर!

नात : पण तेव्हा घ्यायला कोण येतं?

आजोबा : कुत्रंसुद्धा नाही. पण पहिला नंबर आपला!

नात : आणि लोक उठतात तेव्हा?

आजोबा : तेव्हा... जरा गार होतो. समोरच्याचा तर पार दगड!

नात : कोपऱ्यावरच्या नव्या मोठ्या दुकानातला?

आजोबा : नाव काढू नकोस त्याचं. ते आरामात उठतात अन् गरमागरम विकतात. असंच चाललं तर आपल्या दाराला कुलूप.

नात : म्हणजे शर्यत तुम्हा दोघांची, आणि बक्षीस तिसऱ्याला! थांबा, काकांना बोलावते.

आजोबा : खबरदार!

नात : काकाऽऽ! जरा इकडे या ना!

समोरचे काका : काय गं? उस्तादांची भट्टी विझली की काय?

आजोबा : तुझी विझेल आधी!

काका : विझणारच आहे. दुकान विकतोय मी. त्या कोपऱ्यावाल्यालाच.

आजोबा : आँ? मग मी भांडू कोणाशी?

नात : काका, सकाळचा पाव तुम्ही भाजा, संध्याकाळचा आजोबा. ठेवायचा दोन्ही दुकानांत. मग दोन्ही वेळेला गरम!

आजोबा : याचा पाव माझ्या फळीवर? मीठ टाकायला विसरतो हा!

काका : आणि तुमच्या कडा कच्च्या राहतात, उस्ताद.

नात : मग मीठ आजोबांनी शिकवायचं, आच काकांनी.

काका : शिकून मी उलटलो तर?

आजोबा : तर मी पुन्हा तुझ्या आधी उठेन. पण खरं सांगू? मला झोप हवीय रे.

काका : मलाही. बरं, कोपऱ्यावाल्याला सांगतो, सध्या थांब म्हणून. अहो, पण ही पोरगी गेली कुठे?

आजोबा : ते बघ, तुझ्या दुकानात. माझ्या पावासाठी फळी पुसतेय.