बिनपायाचा पाव्हणा

(भुकूम, पौड रस्त्याच्या आतल्या अंगाला. सगुणाबाईंचं स्वयंपाकघर. वरच्या खोलीत निषाद भाड्यानं राहतो.)

सगुणाबाई : आरं ए, हळू! अंबाडा उपटशील माजा.

निषाद : झालं, झालं आजी. पट्टा मागून सैल केला. आता?

सगुणाबाई : आता काय! घाण्याच्या बैलाला झापड बांधत्यात तसं बांधलंस. नाक दबलंय.

निषाद : थांबा, हे लिहून घेतो. नाकावर जड. अंबाडा असेल तर पट्टा बसत नाही. आमच्या ऑफिसात हे कुणाच्या डोक्यात आलं नसतं. बरं, दिसतंय काय?

सगुणाबाई : माजंच सैपाकघर दिसतंय. ही मांडणी, ह्यो माठ, आन त्यो तू.

निषाद : बरोबर!

सगुणाबाई : काय बरोबर, कपाळ? माजं घर मला बिगर झापडाचं बी दिसतंय की.

निषाद : गंमत पुढंच आहे. हा डोळ्यांवरचा हेडसेट अजून बाजारात आलेला नाही, त्याआधी आम्ही घरी वापरून बघतो आणि कसं वाटलं ते कंपनीला कळवतो. घर आपलंच दिसतं, पण जो माणूस घरात नाही तो येऊन बसतो. आता मी वर जाऊन दुसरा हेडसेट घालणार. की मी इथं तुमच्यासमोर खुर्चीत बसलेला दिसेन.

सगुणाबाई : तू आत्ता समोरच हायेस की.

निषाद : हो, पण आता वर जाईन.

सगुणाबाई : कशाला जातोस? बस की हितंच.

निषाद : आजी, टेस्टिंग आहे! सांगा, कोणती खुर्ची रिकामी असते? तिला खूण करून ठेवावी लागते.

सगुणाबाई : कुटल्याबी खुर्चीला कर. सगळ्या रिकाम्याच असत्यात.

निषाद : मग ही खिडकीजवळची. चाललो मी वर. घाबरू नका हं.

सगुणाबाई : मी कशाला घाबरतीया? घोणस मारलीया मी काठीनं. जा तू... हं. वाजला जिना. दार लावलं. आता काय हुतंया बगू... आगं बया बया बया!

निषाद : दिसलो?

सगुणाबाई : दिसलास! हसतोस बी तसाच! पन आरं पोरा, तुला पाय कुटं हायेत?

निषाद : पाय पुढच्या मॉडेलला येतील म्हणतात. सध्या कमरेपर्यंतच.

सगुणाबाई : भुतास्नी बी असत्यात बाबा पाय. उलटे का हुईनात.

निषाद : हेही लिहितो. आजी, तुम्ही उठून कुठं निघालात? मला तुमचा नुसता पदर दिसतोय.

सगुणाबाई : च्या ठिवतीया.

निषाद : अहो, मी वर आहे! माझ्या कॉटवर बसलोय!

सगुणाबाई : आसशील. माज्या घरात माणूस येऊन बसलाया, त्याला काय कोरडाच लावून देऊ? आन मला एक सांग, हे दुसरं झापड घरी न्हाई का धाडायचं, हिंगोलीला? आईबापाला?

निषाद : ऑफिसात सगळ्यांनी घरीच पाठवलंय. कुणी बायकोला, कुणी आईला. माझी आई गेली आजी, मागच्याच्या मागच्या दिवाळीत. बाबांना विचारलं मी. ते फोनवर ‘हं’ म्हणतात. कशालाही ‘हं’च म्हणतात. मग पाठवायचं राहिलं ते राहिलंच.

सगुणाबाई : म्हंजे उरली कोन, तर खालची म्हातारी.

निषाद : उरलेल्या नाही हो. तुम्हीच आहात. बाकी मला इथं ओळखतं कोण?

सगुणाबाई : बरं बरं. आलं घालू का च्यात?

•

निषाद : आजी, तुमचा हेडसेट चार्जिंगला न्यायला आलो... हे पायाला काय कचकचतंय? केर काढला नाही का आज?

सगुणाबाई : न्हाई.

निषाद : आज नाही, हा तर आठवडाभराचा दिसतोय. लसणाची सालं, कढीपत्त्याचे देठ. दिवे लागायच्या आत घर लख्ख झाडणारं माणूस तुम्ही. तब्येत बरी आहे ना?

सगुणाबाई : तब्येतीला काय धाड भरलीया? तूच काडू देत न्हाईस.

निषाद : मी?

सगुणाबाई : मग कोन! रोज सांजच्याला त्या खुर्चीत येऊन बसतोस, बोलतोस, आन जातोस. घरातनं माणूस गेलं की लगीच त्याच्या मागं केर काडत न्हाईत. त्ये पोचल्याचं कळंस्तवर झाडूला हात लावायचा न्हाई. तुमच्या हिंगोलीत न्हाई का?

निषाद : आहे की. मी होस्टेलला निघालो की आई तर दुपारपर्यंत फोन हातात धरून बसायची. पण आजी, मी जातो कुठं? वरच असतो मी! खोलीत!

सगुणाबाई : त्ये मला सांगू नगंस. खुर्चीत हुतास का न्हाई?

निषाद : होतो.

सगुणाबाई : आन मग न्हाईसा झालास का न्हाई?

निषाद : झालो, पण...

सगुणाबाई : ‘येतो’ म्हनत न्हाईस, उंबरा वलांडत न्हाईस. बोलता बोलता दिवा इजल्यागत जातोस. कुटं गेलास, पोचलास का, काय कळायचं? आन दुसऱ्या दिशी सांजच्याला परत हजर! मग मी केर काडायचा कवा?

निषाद : सकाळी काढायचा!

सगुणाबाई : सकाळी तू खरा हापिसला निघतोस. त्ये एक ऱ्हातंच की.

निषाद : अरे देवा. आता हे रिपोर्टमध्ये कसं लिहू मी?

सगुणाबाई : हासू नगंस. माजा ल्योक दिग्विजय गेला तवाबी मी असाच केर ठिवला हुता.

निषाद : दादा? मेलबर्नला गेले तेव्हा?

सगुणाबाई : व्हय. भाताचं खाचर इकलं. तिथं इमारत हुबी ऱ्हायली, आन ह्यानं आपला वाटा घेऊन इमान धरलं. आई, पोचलो की फोन करतो म्हनला. मी झाडूला शिवले न्हाई. थोरली जाऊ येऊन बोलायची, सगुणा, घराचा उकिरडा केलास गं. म्हनलं, असूदे, पोरगं अजून वाऱ्यावर हाय. मग आली माजी पुतणी, सायली. तिच्या मोबाईलात ह्याचा फोटू. कुटल्याशा दुकानात कॉफी पितोय, हसतोय. कवाच पोचला हुता गडी.

निषाद : आणि तुम्हाला फोन?

सगुणाबाई : इसरला आसंल. नवा मुलूख. मग काडला केर. दोन सुपं निघाला. लई वाईट वाटलं रं मला तवा. पोरगं पोचल्याचा आनंद बी नीट करता आला न्हाई.

निषाद : आजी, आपण असं करू. आपलं बोलणं संपलं, मी खुर्चीतून गेलो, की वरून जमिनीवर टाच आपटतो. दोनदा. म्हणजे पोचलो. मग खुशाल झाडा.

सगुणाबाई : एकदाच आपट. गिलावा पडंल माजा. आन लिवून घे त्या तुज्या कंपनीसाठी.

निषाद : काय?

सगुणाबाई : माणूस बसून गेल्यावर मी खुर्चीला हात लावून बगितला. गार. माणूस उठला की बसल्या जागंला जरा ऊब ऱ्हाती का न्हाई? ती न्हाई ह्यात. आन दारात पायाची माती न्हाई. कोन आलं हुतं, कोन गेलं, काय खूण म्हनून न्हाई.

निषाद : ‘खुर्चीला ऊब नाही. दारात माती नाही.’ लिहिलं.

सगुणाबाई : आन पाय?

निषाद : पाय पहिल्याच दिवशी लिहिलेत.

•

सगुणाबाई : आज बिगर झापडाचा आलास? पायासकट?

निषाद : हो. आज खराच आलोय.

सगुणाबाई : मग त्वांड का उतरलंया? घावनं हायेत, खा दोन. बस.

निषाद : आजी, रिपोर्ट सगळ्यांना खूप आवडला. मोठ्या मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचला साहेबांनी. अंबाड्याचं ऐकून लोक हसले. पण ‘खुर्चीला ऊब नाही’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

सगुणाबाई : मग चांगलं झालं की.

निषाद : चांगलंच झालं. बेंगळुरूच्या लोकांनी विचारलं, हे लिहिलं कुणी? हेडसेट तिथं बनवतात. त्यांच्या टीममध्ये घेतलंय मला.

सगुणाबाई : म्हंजे जानार तू.

निषाद : रविवारी.

सगुणाबाई : माजंच त्वांड मला नडलं म्हन की! न्हाई ती बडबड केली. ‘लई झ्याक हाय’ म्हनून गप बसले आसते तर ऱ्हायला आसतास.

निषाद : असं नका ना बोलू.

सगुणाबाई : मग कसं बोलू? वाईट वाटतंया म्हनून बोलतीया. खा त्ये. गार हुतंय.

निषाद : मी एक विचारून आलोय साहेबांना. तुमचा हेडसेट इथंच राहू दे म्हणाले. लांबच्या दोन गावांमधून कसा चालतो तेही त्यांना बघायचंय. म्हणजे मी बेंगळुरूहून रोज संध्याकाळी इथं, ह्याच खुर्चीत येऊन बसेन. तुम्हाला काही फरकच जाणवणार नाही.

सगुणाबाई : न्हाई.

निषाद : काय नाही?

सगुणाबाई : न्हाई बांधायची मी त्ये झापड. घेऊन जा तुजं तू.

निषाद : अहो, पण तुम्ही एकट्या...

सगुणाबाई : हाये की एकटी. तू यायच्या आदी बी हुते. बग निषाद, त्ये बांधलं की तू येनार आन सोडलं की जानार. म्हंजे रोज तुला लावून द्यायचं मी! दिग्विजय एकदाच गेला, त्येच माज्यानं आजून निस्तरंना. तू आपला एकदाच जा.

निषाद : खरं सांगू का? तुमच्यासाठी म्हणून विचारतच नव्हतो मी.

सगुणाबाई : मग?

निषाद : माझ्यासाठी. तिथं मला कन्नड येत नाही, कुणाची ओळख नाही. नुसतं मशीन घालून मशीन तपासत बसायचं. संध्याकाळी कुणाच्या खुर्चीत जाऊन बसू मी? बाबांच्या? इथं निदान तुम्ही च्या ठेवता. मला प्यायला मिळत नसला तरी ठेवता.

सगुणाबाई : आरं माज्या बाळा. मग आदी असं बोलावं की. मगाधरनं म्हातारीचं नाव फुडं करतोयस.

निषाद : मग ठेवू हेडसेट?

सगुणाबाई : न्हाई म्हनलं न्हवं? फोन कर. रोज कर, मी कटाळायची न्हाई. च्या बी ठिवीन, उकळल्याला आवाज ऐक. आन सुट्टी घावली की हिकडं ये. आपल्या पायानं ये. आन ऐक, बापाला बी फोन कर. ‘हं’ म्हनंना का. ‘हं’ म्हनायला त्यो फोन उचलतोय की.

निषाद : हं.

सगुणाबाई : बापावर गेलास. घे अजून एक घावन.

•

निषाद : हॅलो, आजी?

सगुणाबाई : कोन? निषाद? मोठ्यानं बोल! पोचलास का?

निषाद : पोचलो. आत्ता खोलीत पाय ठेवला. बॅगसुद्धा उघडली नाही. पहिला फोन तुम्हालाच.

सगुणाबाई : बाबांना?

निषाद : आता ह्याच्यानंतर करतो.

सगुणाबाई : जेवलास का? पिठलं-भाकरी दिलेली?

निषाद : बसमध्येच संपवली. ठेचा शेजारच्यालाही दिला, तो अजून पाणी पीत असेल.

सगुणाबाई : बरं झालं. खोली कशी हाय?

निषाद : तिसरा मजला. खिडकी उघडली की समोर दुसरी खिडकी. कॉट आहे, एक खुर्ची आहे.

सगुणाबाई : रिकामी?

निषाद : रिकामीच.

सगुणाबाई : हं... आरं, पन टाच आपटली न्हाईस.

निषाद : आजी, फोनवर सांगितलं की पोचलो म्हणून!

सगुणाबाई : तोंडानं कोनबी म्हनंल. आपट.

निषाद : अहो, खालच्या मजल्यावर लोक राहतात. भांडायला येतील वर.

सगुणाबाई : येऊ देत की. तेवढीच वळख हुईल.

निषाद : घ्या मग. आलं ऐकू?

सगुणाबाई : आलं. एकदाच आपटायची ठरलं हुतं, तू दोनदा आपटलीस.

निषाद : इथला गिलावा तुमचा नाही. आता काढा केर. सकाळपासून थांबला असाल.

सगुणाबाई : काडीन. उद्याच्याला काडीन.

निषाद : का? पोचलो ना मी?

सगुणाबाई : पोचलास रं. पन निघताना बॅग उचलाय दोनदा आत-भाईर केलंस, तुज्या पायाची माती हाय उंबऱ्यात. ऱ्हाऊ दे आजच्या दिस.