लोखंडाच्या आतली

वाशीमच्या स्टँडवर प्रयागबाई मेडशीच्या गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारी कॉलेजातली दोघं मोबाईलवर अंतराळाची मालिका पाहता पाहता हमरीतुमरीवर आली होती.

“कॅप्टन जबरदस्त हाये, वैजयंती.”

“कायचा जबरदस्त! नुसते केस उडवते. खरी ॲक्टिंग त्या लोखंडी रोबोटची.”

“रोबोट काय ॲक्टिंग करन? काम्प्युटरवर बनवेल हाये तो.”

“मंग नव्या ग्रहावर पाय ठेवाच्या आंधी जोडे काहून काढते, प्रज्वल? वाकून मातीले हात लावते, मंग कपाळाले. मले त रडूच आलं.”

“तेबी काम्प्युटरनंच केलं.”

आता मात्र प्रयागबाईला राहवलं नाही.

“काम्प्युटर नाही, बापू. चार महिने त्या डब्यात घामानं न्हाली माही योगिनी.”

“तुमची पोरगी? मावशी, चेहरा त कुठंच दिसत नाही! आमी कसं मानाचं?”

“पेरणीच्या दिवशी चपला घालून वावरात शिरली होती लहानपणी. तवा म्या तिच्या पाठीत असा धपाटा घातला का अजून इसरली नाही. तुह्या काम्प्युटरले कोनं घातला?”