कोरडे ढग

अल्पना : ...पण पाऊस पडणार ना गं? तू धारच्या धावपट्टीवर काम करतेस, तुला नाही तर कोणाला ठाऊक? इकडे अख्ख्या देवासमध्ये अनाउन्समेंट झाली. चार बजे विमान ढगात मीठ सोडणार, पावसानं धूर-धुरळा खाली बसणार, उद्यापासून शाळा पुन्हा सुरू.

रुची : ताई, अनन्या कशी आहे?

अल्पना : सकाळपासून तीनदा दम्याचा पंप दिला. श्वास घेताना बरगड्या आत जातायत पोरीच्या. डॉक्टर म्हणाले, शहराबाहेर न्या. पण हे म्हणतात, शाम तक रुको, पाऊस आला की हवा साफ.

रुची : भाऊजींचं ऐकू नकोस. निघा.

अल्पना : असं का बोलतेस? मला डर लागतोय, रुची. सच सांग.

रुची : हळू बोल. शेडच्या मागे येऊन उभी आहे मी. ढग कोरडे आहेत, ताई. ओलावा मीच मोजते. थेंब पडायचा नाही.

अल्पना : साहेबांना सांगितलंस?

रुची : सांगितलं. म्हणाले, विमान आलंय तर उडणारच. बाहेर बोललीस तर उद्या येऊ नकोस.

अल्पना : आणि शाळा?

रुची : उघडणार.

अल्पना : अरे देवा! खालच्या कमलवहिनींचा पीयूषही दम्याचा आहे. तिला काय सांगू?

रुची : सांग, पोराला पाठवू नको.

अल्पना : कोणाच्या भरवशावर? ती विचारेल ना.

रुची : ...माझं नाव घे.

अल्पना : अगं, नोकरी?

रुची : घे म्हणते ना! आणि तुम्ही थेट नालछ्याला जा, बळवंतकाकांकडे. हवा मोकळी आहे तिथली.

(संध्याकाळी सात वाजता रुचीनंच फोन लावला. विमान केव्हाच परतलं होतं; देवासला थेंबही पडला नव्हता.)

अल्पना : आत्ताच पोचलो. काकूंनी वाफ दिली. जरा शांत पडलीय.

रुची : बरगड्या?

अल्पना : कमी ओढतेय. तुझं काय गं? कमलवहिनींनी पूरी गल्लीला सांगितलंय.

रुची : कळलं इथे. साहेबांनी बोलावलंय. त्यांच्या दाराबाहेर उभी आहे.

अल्पना : घाबरलीस?

रुची : खूप. ताई, फोन तिच्या तोंडाजवळ धर. मला आत बोलावेपर्यंत तिचा श्वास ऐकू दे.