अकराव्यांदा गाळलेली पावडर

पोलीस ठाणे, चाकूर
दि. १९/०९/२०२४

मी, मलप्पा शिवलिंगप्पा हालकुडे, वय ५३ वर्षे, धंदा खासगी नोकरी, रा. लातूर, ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी नीलम्मा हिच्यासह राहतो. सहा वर्षांपासून राजशेखर धुमाळे यांच्या 'विषशामक मटेरियल्स' या कारखान्यात मदतनीस आहे. तेथे फवारणीच्या औषधाचे विष मोडणारी पावडर तयार होते. औषधाच्या पाण्यात ती टाकली की विष फुटते आणि पाणी पिवळे होते. पावडर स्वतः खर्च होत नाही. गाळायची, धुवायची, भट्टीत चार तास भाजायची, म्हणजे पुन्हा चालते. हे मला तेथील केमिस्ट मंजुषा कोरे, वय २६ वर्षे, यांनी शिकवले. त्या मला मामा म्हणत.

विक्रीसाठी आम्ही गावोगाव प्रयोग दाखवतो. पाणी पिवळे झाले की मी त्यात कोपरापर्यंत हात बुडवतो. मला कधी काही झालेले नाही.

ऑगस्टपासून धुमाळे यांनी भट्टी बंद ठेवायला लावली. "संपत न्हाई म्हनता ना पावडर? मग भाजायची कशाला?" असे ते म्हणाले. कोरे मॅडमना हे सांगायचे नाही, असेही म्हणाले. तेव्हापासून मी पावडर नुसती गाळून वाळवत होतो.

दि. १२/०९/२०२४ रोजी अहमदपूरला कार्यक्रम होता. सकाळी सात वाजता मी पावडर तपासली. ती अकराव्यांदा गाळलेली होती. अर्धा तास झाला तरी पाणी पांढरेच राहिले. मी धुमाळे यांना फोन केला. ते म्हणाले, "जिलेबीचा रंग टाक चिमूटभर." मी दुकानातून रंग आणून पावडरीत मिसळला. त्यानंतर उजव्या हाताला पट्टी बांधली. हाताला जखम नव्हती.

अकराच्या सुमारास अहमदपूरच्या मोंढ्यात पन्नास-साठ लोक जमले. धुमाळे यांनी बादलीत औषध ओतले. मॅडमनी पावडर टाकली. पाणी लगेच पिवळे झाले. धुमाळे यांनी मला खूण केली. मी पट्टी दाखवली. मॅडम म्हणाल्या, "मामा, आज सुट्टी का? सरका, मी बुडवते." त्यांनी दोन्ही हात बुडवले आणि लोकांना माहिती सांगत बराच वेळ तसेच ठेवले.

तेथील भागवत नावाचे अडत दुकानदार म्हणाले, "हात तर आमचे गडी रोजच बुडवित्यात. गुळणी करा की बाई, मंग घेतो दहा पोती." लोक हसले. मॅडम म्हणाल्या, "विष फुटलं तरी हे तोंडात घ्यायचं नसतं, सर." धुमाळे म्हणाले, "तुमच्याच पावडरीवर तुमचा भरवसा न्हाई, तर हे लोक कशाला घेतील?" मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी बादलीकडे पाहत होतो. "पिवळं तर झालंय," असे म्हणून त्यांनी ओंजळ तोंडाला लावली, गुळणी केली आणि थुंकल्या. टाळ्या वाजल्या. भागवत म्हणाले, "आता गिळून दाखवा." पुन्हा हशा झाला. त्यांनी पोती घेतली नाहीत.

बारा वाजता आम्ही तिघे जीपने लातूरला निघालो. धुमाळे गाडी चालवत होते. मी व मॅडम मागे होतो. वाटेत मॅडमना उलटी झाली. घाम सुटला, तोंडाला लाळ येऊ लागली. समोरचे धूसर दिसते, असे त्या म्हणाल्या. धुमाळे म्हणाले, "उपाशी पोटी ऊन लागलंय." चाकूर जवळ आले तेव्हा मॅडमनी मला विचारले, "मामा, पावडर भाजली होती ना?" मी "हाव" म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग हे दुसरं काहीतरी आहे. घरीच सोडा मला. आई आहे घरी."

चाकूर सोडल्यावर त्या बोलल्या नाहीत. त्यांचे हातपाय उडत होते. लातूरला दवाखान्यात पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी तपासून मयत असल्याचे सांगितले.

चाकूरचा दवाखाना रस्त्यालगत असताना तेथे गाडी का थांबवायला सांगितली नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, पाटी मला दिसली होती. मॅडमचे डोके माझ्या खांद्यावर होते. थांबलो असतो तर डॉक्टरांना रंगाचे सांगावे लागले असते. मॅडम तेव्हा शुद्धीवर होत्या. त्यांनी ऐकले असते.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. त्यात काही कमी-जास्त करायचे नाही.

सही/-
मलप्पा शिवलिंगप्पा हालकुडे