ठमीबाईच्या भिंतीवरचा चौकोन

समारंभाचे अध्यक्ष माननीय दाजीसाहेब, मुंबईहून मुद्दाम वेळ काढून आलेले आपल्या केंद्राचे संचालकसाहेब, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलं आहे त्या सत्कारमूर्ती डॉक्टर सरोजिनी हैबतराव घोसाळकर, त्यांच्या मातोश्री गिरजाबाई, पेणच्या प्रयोगशाळेतले माझे सोबती, इथल्या रोह्यातल्या आणि वरसे, निडी, कोलाड अशा गावोगावाहून आलेल्या बंधू-भगिनींनो, आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला पंख्याखाली बसलेले गुणाजीराव.

हे शेवटचं नाव माझ्या कागदावर नव्हतं. गुणाजीराव येतील असं मला वाटलंच नव्हतं. आलेत तर त्यांचंही नाव घेतलं, एवढंच.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय ते मला दिसतंय. मी दत्तात्रेय ठोंबरे, मॅडमच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. बावीस वर्षं मायक्रोस्कोपात डोळा घालून बसलेला माणूस. मला खाली बघायची सवय, समोर इतकी माणसं बघायची नाही. तेव्हा पाणी जरा जास्त वेळा प्यायलो तर समजून घ्या.

मॅडमविषयी काय बोलावं? मघाशी अध्यक्षांनी हार घातला, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होता. मी मॅडमकडे बघत होतो. त्यांचं लक्ष हाराकडे नव्हतं, दाजीसाहेबांच्या मनगटावर बसलेल्या डासाकडे होतं. नर आहे की मादी एवढं बघून घेतलं आणि मग नमस्कार केला! दाजीसाहेब, काळजी नसावी, मादी असती तर त्यांनी तुम्हाला हलू दिलं नसतं.

वरशाच्या भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली ही सरू. मुंबईला जाऊन डॉक्टर झाली, पुढे संशोधनाची मोठी पदवी घेतली. परदेशातून बोलावणं होतं. ते सोडून १९७९ साली पेणला दोन खोल्यांत येऊन बसली. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड नंतर झाला. त्या दोन खोल्यांत एक मायक्रोस्कोप, एक काचेचं मोठं भांडं आणि मेणबत्त्या. रुग्णाच्या रक्तातले हिवतापाचे जंतू त्या भांड्यात ठेवायचे, सोबत औषध ठेवायचं, आत मेणबत्ती लावायची. ती आतली हवा खाऊन विझायला आली की झाकण घट्ट. जंतू तसल्या हवेत जगतात. औषधानं मेले तर औषध चांगलं, जगले तर आपण मेलो. साधं गणित. बाजारपेठेतल्या पोपटशेठनं एकदा मला विचारलं होतं, "काय रे, तुज्या बाईच्या घरी वीज नाय का? डझनान मेनबत्त्या नेतंस!"

आणि आपल्या गिरजाबाई, त्या तर प्रयोगशाळेच्या दारातच उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत. "सरू गो, आजून रगतच बघतंस? जेवून तरी घे." हसू नका, अगदी खरं आहे. विचारा त्यांना.

तर मॅडमनी जे सिद्ध केलं ते आज सगळ्या वर्तमानपत्रांत आलंय. क्लोरोक्विनची जी कडू गोळी आपण सगळे लहानपणापासून गिळत आलो, ती आपल्या डोंगरपट्टीतल्या हिवतापावर चालेनाशी झाली होती. जंतू ती गोळी पचवायला शिकले होते. मॅडमनी ते दाखवलं, मग आपल्याकडे औषध बदललं. किती माणसं वाचली त्याचा आकडा माझ्यापाशी नाही. वर्तमानपत्रात छापलंय की हे मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली शोधून काढलं.

ते खरं नाही. ते भिंतीवर सापडलं.

मॅडम, तुम्ही मला हातानं बस म्हणताय. काल फोनवरही म्हणालात, "दत्ता, कार्यक्रमात नको, झालं ते झालं." बावीस वर्षं तुमचं सगळं ऐकलं. आजचं एक नाही ऐकत. निवृत्तीचा निरोप आज तुमचा आहे, पण पुढच्या वर्षी माझाही आहे, आणि तेव्हा मला कोण बोलायला उभं करणार?

त्या वेळी हिवतापाचा कर्मचारी घरोघर फिरायचा हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ताप कोणाला, बोट टोच, काचेवर रक्त घे, गोळ्या दे. आणि दाराजवळच्या भिंतीवर एक चौकोन आखलेला असायचा, त्यात आलेल्या दिवसाची तारीख आणि सही. कोलाडच्या पुढे डोंगराला लागून उंबरदांडाची कातकरी वाडी आहे, ती गुणाजीरावांकडे होती. निडीहून निघायचे, एस.टी.नं कोलाड आणि पुढे सात मैल पायी. गोळ्या तीन दिवस द्यायच्या, तर तिन्ही दिवस जायचे. नुसत्या हातावर ठेवून यायचे नाहीत, समोर गिळायला लावायचे, तोंड उघडायला लावायचे.

वाडीत वाचता कोणाला येत होतं? मग त्यांनी एक रीत घातली. पोरानं गोळी गिळली की आईनं आपल्या चंचीतल्या चुन्यात बोट बुडवायचं आणि चौकोनात तारखेपुढे ठिपका द्यायचा. सही कर्मचाऱ्याची, ठिपका आईचा. सरकारी नियमात असं काही नव्हतं. गुणाजीरावांचं डोकं.

त्या पावसाळ्याच्या शेवटी त्या वाडीतल्या स्लाइडी माझ्याकडे आल्या. गोळ्या देऊन आठवडा झालेल्या माणसांच्या. त्यांचं रक्त साफ असायला हवं. मी बघतो तर अकरा जणांच्या रक्तात जंतूंच्या बारीक अंगठ्या तशाच. माझी नोकरी तेव्हा हंगामी. टेबलावर चारशे स्लाइडी पडलेल्या. आणि तक्त्यात शेवटचा रकाना होता, "कारण". तो कोरा ठेवला की तक्ता परत यायचा. मी वाडी बघितली नव्हती. गुणाजीरावांना विचारलं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं की ही गोळी हटकून लागू पडते. मग मी लिहिलं, "गोळ्या गिळल्या नाहीत." अकरा वेळा लिहिलं, सुवाच्य अक्षरात, पुढे सही करून. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

एवढ्यावरून गुणाजीरावांना मेमो निघाला. गोळ्या दिल्याच नाहीत, खोट्या तारखा घातल्या. त्यांनी उत्तर एका ओळीचं दिलं: "कृपया वाडीवर येऊन भिंत पाहावी." आम्ही कार्यालयात हसलो हो! भिंत पाहावी म्हणे. चहा पिता पिता हसलो. मीही हसलो.

त्या अकरांतली एक जानी. वय वर्षे सहा. ताप परत आला की तिला पुन्हा तीच गोळी, कारण कागदावर होतं की तिनं आधीची गिळलीच नाही. परत ताप, परत तीच गोळी. दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन इथे रोह्यात होतं. तिला इथे पाठवायला कागदावर "औषध लागू पडत नाही" असं लिहिलेलं लागत होतं. ते मी लिहायचं होतं, आणि मी दुसरंच लिहिलं. जानी अश्विनात गेली.

थोडं पाणी घेतो.

मॅडम तेव्हा नुकत्या आल्या होत्या. त्यांनी जुने तक्ते चाळले आणि मला बोलावलं. "हे अकरा एकाच वाडीतले. कारण एकच, अक्षर एकच. गोळ्या दिल्या तेव्हा तू तिथे होतास?" मी म्हटलं, नाही. "मग तुला कसं कळलं?" मी पुस्तकाकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, चप्पल घाल.

आम्ही वाडीवर पोचलो. जानीचं सुतक फिटून घर सारवलेलं होतं. कुडाची भिंत वरपासून खालपर्यंत ओल्या शेणाची. दाराजवळचा तेवढा एक चौकोन मात्र जुना, कोरडा ठेवलेला. आत गुणाजीरावांच्या तारखा आणि त्यांच्यापुढे चुन्याचे नऊ ठिपके, तीन वेळच्या गोळ्यांचे तीन-तीन. जानीची आई ठमीबाई बाहेर आली. रडली नाही. मॅडमना म्हणाली, "तू सायब हायस ना? गुणाजी म्हनला व्हता, सायब तपासाया येल, तवर पुसू नको. म्हून नाय पुसला."

मॅडमनी विचारलं, "ठमीबाई, पोरीनं सगळ्या गोळ्या गिळल्या?"

"व्हय. तोंड उघडून दावली, मंग मी ठिपका दिला. बाय, आपल्या पोरीचा खोटा ठिपका कोन देल?"

मॅडम भिंतीला पाठ लावून तिथेच जमिनीवर बसल्या. मी उभाच होतो, मला कोणी बस म्हटलं नाही. त्या दिवशी वाडीतून रक्त घेऊन आलो आणि पेणला पहिली मेणबत्ती लागली. सगळ्या संशोधनाची सुरुवात ती आहे. नऊ ठिपके.

मॅडमच्या निबंधात गुणाजीरावांचे आभार आहेत. पण निबंध सेवापुस्तकात लागत नाही. मेमो रद्द व्हायला माझा जबाब हवा होता, की "कारण" हा रकाना मी न विचारता, न बघता भरला. मॅडमनी तो स्वतःच्या हातानं लिहून माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, जबरदस्ती नाही. मी म्हटलं, नोकरी कायम झाली की करतो सही. कायम झाली. मग म्हटलं, बढती होऊ दे. ती झाली. मग गुणाजीराव तिकडे पोलादपूरच्या डोंगरात बदलीवर असतानाच निवृत्त झाले, आणि मी म्हटलं, आता काय उपयोग! निडीत त्यांना पोरंसोरं विचारायची, "गुणाजी, गोळ्या कुठं विकल्यास?" ते मला ठाऊक होतं. माझी सासुरवाडी निडीचीच आहे.

घड्याळ दाखवू नका हो, संपवतो.

हा तो कागद. बावीस वर्षं माझ्या कपाटात होता. संचालकसाहेब, सही मी आज सकाळी केली आहे, आजची तारीख घालून. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ द्या, मी काही बोलणार नाही. फक्त हा कागद गुणाजी शेळके यांच्या सेवापुस्तकात लावा. पण माझ्या सहीचं काय, ती तर मी खोट्यापुढेही अकरा वेळा केली होती. म्हणून एक विनंती आहे. ठमीबाई आल्यात. त्या तिथे दारापाशी उभ्या आहेत, खुर्ची दिली तरी बसत नाहीत. ठमीबाई, जरा इकडे या, येताना चंची आणा. चुना हवाय. कागद आता तपकिरी पडलाय, ठिपका उठून दिसेल. ठिपका मी देणार, माझ्या बोटानं. खरा आहे की खोटा ते तुम्ही बघायचं.

मॅडम, तुम्हाला निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. आयोजकांनी मला उभं केलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी आपला मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, मानपानात कोणाचं नाव राहिलं असेल, तर सभागृहानं उदार मनानं पोटात घालावं. त्या रकान्याची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती देणं तुमच्या हातात नाही.

गुणाजीराव उठलेले दिसताहेत. माझा जवळचा चष्मा आहे, लांबचं नीट दिसत नाही. दाराकडे निघाले असतील तर त्यांना कोणी अडवू नका. इकडे येत असतील, तर पायऱ्यांशी जरा हात द्या त्यांना. मी इथेच उभा आहे.